उचकीचा कायदा

पहिली उचकी लागली तेव्हा पोह्यांची बशी माझ्या हातात होती. दुसरी लागली तेव्हा ती मामांच्या धोतरावर होती.

"असू दे, असू दे," म्हणत मामांनी मांडीवरचे पोहे वेचून तोंडात टाकले. तोंड हसत होतं, पण डोळ्यांनी ते मला जिवंत पुरत होते. तासगावाहून एसटीनं निघताना त्यांनी मला बजावलं होतं, "हणमंता, ह्या खेपेला उचकी लागली तर तू एसटीनं परत ये, मी चालत येतो. दोघं एका गाडीत दिसायला नको."

मामांचंही खरंच होतं म्हणा. ह्याआधी दोन घरांनी मला परत पाठवलं होतं. एका घरानं 'पोरगा पितोय' म्हणून, आणि दुसऱ्या घरानं 'पोराच्या छातीत काहीतरी निखळलंय' म्हणून. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला होतो, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नव्हतं, आणि छातीत सगळं जागच्या जागी होतं. पण चार माणसं माझ्याकडं एकदम बघायला लागली की पोटातून काहीतरी बेडकासारखं उडी मारायचं. शाळेत तोंडी परीक्षेला मला अशी उचकी लागली होती की भिंतीवरचा नकाशा खाली आला आणि मास्तरांना वाटलं भूकंप झाला. त्यांनी सगळ्या शाळेला सुट्टी दिली. त्या दिवशी पोरांनी मला खांद्यावर घेऊन मिरवलं, पण मुलगी बघायला गेल्यावर खांद्यावर कोण घेतंय?

समोर लोखंडी खुर्चीवर मुलीचे वडील, तात्या मोहिते. त्यांच्या शेजारी पाटावर, भिंतीला पाठ लावून, त्यांची थोरली बहीण सोनाक्का. आणि आतल्या दाराच्या आड नुसत्या बांगड्या वाजत होत्या, ती शालन.

शालनला मी आधी एकदाच पाहिलं होतं, बाजाराच्या दिवशी, पिठाच्या गिरणीत. भुवयांवर पीठ, कमरेवर हात, आणि गिरणीवाल्याला विचारत होती, "जोंधळं घातलं माझं आणि पीठ आलं बाजरीचं. गिरणी हाय का जादूगाराची पेटी?" मग तिनं माझ्याकडं नुसतं वळून बघितलं. मला तिथंच उचकी लागली. ती हसली. माझं लग्न त्या क्षणी ठरलं होतं. बाकीच्या जगाला कळवायचं तेवढं राहिलं होतं. मामांच्या मागं लागून लागून मी हे स्थळ काढायला लावलं ते त्यासाठी.

"उचक्!"

सोनाक्कानं वारा घ्यायचं थांबवून हातातला विंझणा खाली ठेवला. तात्यांनी नाक किंचित पुढं काढून हवेत वास घेतला. मामांच्या ते लगेच ध्यानात आलं.

"तात्या, पोरगं चहासुदिक अर्धाच कप घेतंय," मामा म्हणाले.

"मी कुठं काय म्हणालो?" तात्या म्हणाले, आणि पुन्हा एकदा वास घेतला.

"वास कशाला घेतोस?" सोनाक्का म्हणाली. "उचकी लागलीया म्हंजे कोणतरी आठवण काढतंय. नाव घेतलं की थांबंल. मी हाय की हितं."

हे ऐकल्याबरोबर आतल्या बांगड्या एकदम गप्प झाल्या. मामांनी माझ्या कोपराला चिमटा काढला. सोनाक्काची ख्याती ते मला एसटीत सांगून बसले होते. तिच्या सासरी तिच्या जावेला एकदा उचकी लागली. सोनाक्का नावं घेत घेत माहेर संपवून गावात आली, गावातून दवाखान्यात आली, आणि कंपाउंडरच्या नावाला उचकी थांबली. कंपाउंडर दुसऱ्या दिवशी बदली मागून गेला. जाऊ अजून मान वर करून बघत नाही. तेव्हापासून त्या गावात उचकी लागली की माणसं शेतात पळून जातात. सोनाक्काचा उचकीवर विश्वास कोर्टातल्या न्यायाधीशाचा कायद्यावर असतो तसा होता, आणि तिच्या निकालावर अपील नव्हतं.

आणि मामांनी दुसरंही एक सांगितलं होतं, आवाज खाली आणून: "सोनाक्काला ही पोरगी आपल्या दिराच्या पोराला द्यायचीया. फटफटी हाय त्याच्याकडं. दाजीबाला, म्हंजे दिराला, हिनं शब्दसुदिक देऊन टाकलाय म्हणं. पोरीच्या कानावर घातलंय, पर तात्याला त्यातलं काडीचं ठाऊक न्हाई. तवा तू तिच्यापुढं जपून."

आता मी काही अगदीच रिकाम्या हातानं आलो नव्हतो. महिनाभर मी आमच्या तालमीतल्या नबीलाल वस्तादांकडं दम शिकत होतो. वस्तादांनी माझी उचकी ऐकली आणि म्हणाले, "बेटा, ही उचकी न्हाई, ही भीती हाय. बाहेर यायला वाट मागतीया. भल्या भल्या पैलवानांचा दम आधी सुटतो, मग लंगोट. तू श्वास ताब्यात घे, भीती मागनं येती गाईसारखी."

मग त्यांनी रीत सांगितली. नाकानं घ्यायचा, रांजण भरावा तसा, खालून वर. भरला की झाकण लावायचं. आतलं पाणी निवळ झालं की बशीतला चहा निवावा तसा ओठांतून फुंकत सोडायचा, सावकाश. "पण एक ध्यानात ठेव," वस्ताद म्हणाले, "झाकण लावलंस की बोलायचं न्हाई. बोललास की सगळं वर येणार, दुप्पट."

जमलं की नाही हे बघायला ते मला आखाड्यात उताणं झोपवायचे आणि पोटावर आपली खुडूक कोंबडी ठेवायचे. माझा श्वास धसमुसळा झाला की ती चोच मारायची, सरळ बेंबीत. हळूहळू ती डुलक्या घ्यायला लागली. ज्या दिवशी तिनं माझ्या पोटावर अंडं घातलं, त्या दिवशी वस्ताद म्हणाले, "जा. आता मुलगी बघून ये." ऐकणारे म्हणतात खुडूक कोंबडी अंडं घालत नाही. मला काय सांगता? अंडं त्यांच्या पोटावर घातलं होतं का?

असो. तर सोनाक्कानं सुरुवात केली.

"आई आठवण काढत असंल?"

"उचक्!"

"आई न्हाई. वडील?"

"उचक्!"

"बहीण?"

मामा मध्येच म्हणाले, "बहीण न्हाई त्याला."

"मग थांबायचा प्रश्नच न्हाई," सोनाक्का म्हणाली, आणि माझी उचकी तिला दुजोरा देऊन गेली.

मी डोळे जमिनीकडं केले आणि नाकानं श्वास घ्यायला लागलो. खालून वर. रांजण भरत आला. पोटातला बेडूक जरा बिचकला.

"कारखान्यातला सायेब?" सोनाक्कानं विचारलं.

एक शेवटची, बारीकशी उचकी आली. मग रांजण काठोकाठ भरला आणि मी झाकण लावलं. घट्ट.

नेमक्या त्याच वेळी सोनाक्का माझ्याकडं तिरकं बघत, पान जुळवता जुळवता सहज म्हणावं तसं म्हणाली,

"शेवंता?"

उचकी नाही. सगळे वाट बघत राहिले. उचकी नाही. सोनाक्काच्या तोंडावर साय खाल्लेल्या मांजरीसारखं हसू पसरलं.

"थांबली," ती म्हणाली. "बघ तात्या. शेवंताच्या नावाला थांबली."

तात्यांनी खुर्ची पुढं ओढली. "कोण वो ही शेवंता?"

मला बोलायचं होतं. देवाशपथ बोलायचं होतं. पण झाकण! उघडलं असतं तर दुप्पट उचक्या, आणि पुन्हा दारूचा वास घ्यायला तात्यांचं नाक. मी नुसती मान हलवली, नाही नाही म्हणून.

"मान हलीवतोय, पण तोंड उघडंना," सोनाक्का म्हणाली. "नाव काढल्याबरोबर दातखीळ बसली बघा."

मामा माझ्याकडं वळले. सख्खा मामा, पण त्याच्याही डोळ्यांत संशय! "हणमंता, कोण रं शेवंता? कारखान्यावर ऊसतोडीला आल्यात त्यातली हाय का?"

आता मात्र राहवेना. आतलं पाणी निवळ झालं होतं. वस्तादांनी सांगितलं तसा मी ओठांचा चंबू केला आणि बशीतला चहा निवावा तसा श्वास सोडला. "फूऽऽऽ..."

"सुस्कारा!" सोनाक्कानं मांडीवर थाप मारली. "ऐकलासा का? नाव ऐकून सुस्कारा सोडला! हिकडं पोरगी बघायला आलाय आणि तिकडच्या नावानं सुस्कारं!"

"तसं न्हाई, आक्का," मी म्हणालो. "मी कुठल्याच शेवंताला वळखत न्हाई."

हे मी इतक्या संथ, इतक्या थंड आवाजात म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. जन्मात पहिल्यांदा चार माणसांपुढं मी एक वाक्य न अडखळता बोललो होतो. नबीलाल वस्तादांचा दम असा काही जमला होता की आत पिंपळाचं पान हलत नव्हतं.

तात्यांनी मान हलवली. "एवढा शांत? खरं बोलणारा माणूस एवढ्यात चिडला असता. मी चावडीवर लई बघितल्यात. खोटं बोलणारा असाच गार असतोय."

झालं! ज्या शांतपणासाठी कोंबडीच्या चोची खाल्ल्या, त्यानंच गळ्यात फास टाकला. मामांनी टोपी काढून कपाळ पुसलं. आतून बांगड्यांचा एक बारीक आवाज आला आणि थांबला. मला तो आवाज कळला. शालन दुसऱ्याच्या फटफटीवर बसून चालल्याचा तो आवाज होता.

मामा मात्र जनावरांच्या बाजारात सौदे करून मुरलेले. त्यांनी टोपी पुन्हा घातली. "आक्का, कायदा तुमचा हाय, मला काय ठाऊक न्हाई म्हणून इचारतो. नाव घेतल्यावर थांबलेली उचकी पुन्यांदा आली तर?"

"तर ते नाव रद्द," सोनाक्का गुर्मीत म्हणाली. "पर येत न्हाई. खरं नाव सापडल्यावर कशाला ईल?"

"आली तर रद्द न्हवं?" तात्यांनी विचारलं.

"रद्द! पाव्हण्यानी पाणी पिऊन भांडं खाली ठेवूस्तोवर आली तर शेवंता रद्द. मागनं आली तर चालायची न्हाई."

"शालन," तात्यांनी हाक मारली, "पाव्हण्यास्नी पाणी आण."

आता तुम्ही म्हणाल, उचकी आणायची ती काय मोठी गोष्ट? ज्याला जन्मभर उचकीनं छळलं त्यानं एक उचकी द्यावी की! पण येईना. मी घाबरायचा कसून प्रयत्न केला. तोंडी परीक्षा आठवली, शांत. कारखान्याच्या साहेबांचा जबडा आठवला, शांत. मागल्या बेंदराला अंगावर आलेला पाटलांचा खिलारी बैल आठवला. त्याच्याबद्दल मला एकदम प्रेमच वाटायला लागलं. मामा चिमट्यावर चिमटे काढत होते आणि माझ्या मनात साधूला येतात तसले विचार येत होते, की हे चिमटे कुणाचे, हे कोपर तरी कुणाचं.

शालन बाहेर आली. हिरवं नऊवारी, डोक्यावर पदर, हातात तांब्या आणि फुलपात्र. नजर इतकी खाली की गिरणीतली ती हीच का, असा मला प्रश्न पडला. तिनं वाकून फुलपात्र माझ्यापुढं धरलं. पाणी घ्यायला मी हात पुढं केला, आणि पदराच्या आडून ती काहीतरी म्हणाली. सात-आठ शब्द. मला सोडून कुणालाच ऐकू गेले नाहीत. काय म्हणाली ते सांगतो, पळून चाललो नाही. पण आधी काय झालं ते ऐका.

"उऽऽचक्!"

अशी उचकी त्या पंचक्रोशीत पुन्हा झाली नाही. फुलपात्रातलं पाणी छताला लागलं. मामांची टोपी डोक्यावरून उडून खुंटीवर जाऊन बसली, आणि ती नेमकी टोपीचीच खुंटी होती. गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. शेजारणीनं भिंतीपलीकडून विचारलं, "काय वो तात्या, फटाकं उडीवताय व्हय?"

"आली!" तात्यांनी टाळी वाजवली. "आक्का, शेवंता रद्द!"

"रद्द!" मामा ओरडले आणि टोपी आणायला उठले.

सोनाक्कानं विंझणा कोपऱ्यात भिरकावला. त्या रागात तिनं समोरच्या ताटलीतला बेसनाचा लाडू उचलला आणि अख्खाच्या अख्खा तोंडात कोंबला. कोरडा, रवाळ, मुठीएवढा लाडू. तिनं तो गिळला. डोळे मोठे केले. छातीवर हात ठेवला.

"उचक्!"

ह्या खेपेला ती माझी नव्हती.

सगळे सोनाक्काकडं बघायला लागले. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. दाराच्या चौकटीला टेकून शालन, अगदी लाडिक आवाजात, म्हणाली,

"आत्या, अगं, कोण आठवण काढतंय तुझी?"

"कोण न्हाई... उचक्!"

"थांब, मी नावं घेती. धाकटी जाऊ?"

"उचक्!"

"जाऊ न्हाई," तात्या हसत म्हणाले. त्यांना मजा यायला लागली होती. "पुढं?"

"मग दीर असतील. दाजी..."

सोनाक्कानं चटकन हात वर केला. सगळं गाव जिच्या उचकीच्या कायद्याला भ्यायचं, ती स्वतःच त्याला सगळ्यांत जास्त भीत होती. दाजीबाचं नाव निघालं, उचकी थांबली आणि भावानं विचारलं, 'दाजीबाला आत्ताच तुझी का आठवण?' तर पाठीमागं दिलेला शब्द इथंच बाहेर पडणार होता. तिनं तोंडावर पदर दाबला आणि माझ्याकडं बघितलं. त्या डोळ्यांत रागबिग काही नव्हतं. नुसती गयावया होती.

मला तिची दया आली. खरंच आली, हसू नका. मी पुढं सरकलो.

"आक्का, नाकानं घ्या," मी हळूच म्हणालो. "सावकाश. रांजण भरावा तसा. खालनं वर. पोट फुगू द्या. हां. भरला?"

तिनं मान डोलावली.

"लावा झाकण. आता काय बी होऊ दे, तोंड उघडू नका. उघडलंसा तर दुप्पट येती."

सोनाक्कानं झाकण लावलं. गाल टम्म फुगले, ओठ आत गेले. नबीलाल वस्तादांनी कोंबडी खाली ठेवून शाबासकी दिली असती, असं झाकण.

मी मामांकडं बघितलं. नुसतं बघितलं हो! पण बाजारात बैलाच्या दातावरून वय सांगणारा माणूस तो. घसा साफ करत म्हणाला, "तर मग तात्या, पसंतीचं काय?"

"मला पोरगं पसंत हाय," तात्या म्हणाले. "शालन?"

शालननं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तेवढं पुरलं.

"आणि आक्का, तू?" तात्या बहिणीकडं वळले. "तू थोरली. तुझी हरकत असंल तर आत्ताच बोल. मागनं फुगून बसायचं चालायचं न्हाई."

सोनाक्का फुगूनच बसली होती. तिनं दोन्ही हात हलवले, इकडून तिकडं, जोरजोरात.

"आशीर्वाद देत्यात," मामा हात जोडून म्हणाले.

तिनं मान हलवली.

"व्हय म्हणत्यात," मामा म्हणाले.

तिच्या तोंडाचा रंग कांद्याचा झाला, मग वांग्याचा. हातांची बोटं जमिनीवर ताल धरायला लागली. पण झाकण काही निघालं नाही. बाईचा निग्रह दांडगा. तालमीत असती तर खाशाबांच्या रांगेत बसली असती. तात्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग गुडघ्यावर हात मारून उठले.

"बोलत न्हाई, म्हंजे हरकत न्हाई. ठरलं! शालन, साखर आण."

साखर आली. तोवर सोनाक्काचा दम संपला. एसटीचं चाक बसावं तसा फुस्सकन श्वास सोडून, 'ना' म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि तात्यांनी त्या उघड्या तोंडात साखरेची चिमूट टाकली. तोंडात साखर असताना लग्नाला नाही म्हणणारं माणूस अजून आमच्या भागात जन्माला यायचं आहे. तिनं गिळली. उचकी मात्र खरोखरच थांबली होती. जरा वेळानं माझ्याकडं बघून, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाली, "जावईबापू, हे झाकण चांगलं हाय. पर शेवंता कोण, तेवढं सांगा."

"आक्का, नाव तुम्ही काढलंसा," मी म्हणालो. "तुमच्याच वळखीतली असंल."

तिनं खूप विचार केला. मला वाटतं ती अजून करते आहे.

हां, शालन काय म्हणाली ते राहिलं. फुलपात्र पुढं करताना, नजर जमिनीवर आणि ओठ जागचे न हलवता, ती म्हणाली होती, "उचकी द्या की वो. का मी फटफटीवर बसू?"

आता सांगा, बैलाला न भ्यालेला माणूस त्यावर काय करील?

मामा आणि तात्या तिथीचं बोलायला लागले. मी आपला भिंतीकडं बघत बसलो होतो. बघायला तिथं काही नव्हतं. मी गिरणीतलं आठवत होतो, भुवयांवरचं पीठ, कमरेवरचे हात. तेवढ्यात आतल्या दाराआडून आवाज आला. बारीक, दाबलेला, बांगड्यांच्या आत लपवल्यासारखा.

"उचक्!"

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. मामा वरच्या तुळया मोजायला लागले. सोनाक्का पान लावत होती. तिनं हातातलं पान क्षणभर तसंच धरलं, आणि मग चुना लावायला घेतला.

त्या उचकीला कुणी नाव विचारलं नाही.